लाचेची तक्रार: सापळा की लोकायुक्त?

करवीर तालुक्यात सातबाऱ्यावरील फेरफार नोंदीसाठी कोणी पैसे मागितले, तर 1064 वर कळवून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा लावणे हाच जवळचा मार्ग आहे. पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, नोटांना पावडर लावली जाते आणि घेणारा रंगेहाथ सापडतो. मात्र मोठ्या निर्णयांतील गैरव्यवहारापुढे हा विभाग तोकडा पडतो, कारण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनुसार अशा चौकशीला सरकारचीच पूर्वपरवानगी लागते.

लोकायुक्त, म्हणजे मंत्री व अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी तपासणारे राज्यातील पद, त्या मानाने स्वतंत्र. परंतु 1971 च्या कायद्याने त्यांना केवळ शिफारशीचा अधिकार दिला, ही अक्षम्य उणीव आहे. विधानसभेने डिसेंबर 2022 मध्ये मंजूर केलेल्या विधेयकाने मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणले खरे, पण त्यांच्या चौकशीसाठी सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीची अट घातली, आणि ती अट आधी हटली पाहिजे.