तानपुऱ्यांची जोडी आणि ट्रायबर : चौदा महिन्यांनंतर

माझ्याकडे मिरजेचे दोन तानपुरे आहेत. मोठा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लागतो, तो गुरुजींनी दिलेला. धाकटा काळी चारचा, माझा. मोठ्याची लांबी पाच फुटांना दोन बोटं कमी, भोपळा दीड फूट रुंद. पार्ल्याहून कधी दादर, कधी प्रभादेवी, कधी ठाणे अशी ही जोडी महिन्यातून चार-पाच वेळा तरी बाहेर पडते, आणि रेनॉची ट्रायबर ही सात सीटची गाडी घेतली ती मुख्यतः तिच्यासाठी.

आधी टॅक्सीने न्यायचे. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या टपावर कॅरियर असायचं, पण तानपुरा टपावर चढवायची माझी कधी छाती झाली नाही. मागच्या सीटवर आडवा, दांडी पुढच्या सीटवर टेकवलेली, असं चालायचं. एका संध्याकाळी सांताक्रूझजवळ गतिरोधकावर जोरात ब्रेक लागला आणि धाकट्याच्या गळ्याशी, म्हणजे भोपळा आणि दांडी जुळतात तिथे, केसाएवढी चीर गेली. चूक माझ्या ठेवण्याची होती. तानपुरा मिरजेला नेला. जोडून देणारे काका म्हणाले, “ताई, भोपळा फुटला तर ठिगळ बसतं. गळा हलला की सूर हलतो. दांडी अधांतरी ठेवू नका, आणि टेकू द्याल तो गळ्याला देऊ नका.” त्यानंतर गाडी शोधताना मी हेच वाक्य धरून ठेवलं.

शोरूममध्ये सगळे डिकी लिटरमध्ये सांगतात. तानपुऱ्याला लिटरचा काही उपयोग नाही. सेडानची डिकी कितीही मोठी असली तरी तिचं तोंड बुटकं असतं, भोपळा आतच जात नाही. हॅचबॅकमध्ये एक तानपुरा तिरका बसतो, दुसऱ्याला जागा उरत नाही. मारुतीच्या अर्टिगात दोन्ही आरामात बसले, पण ती ४३९५ मिलिमीटर लांब, आणि आमच्या जुन्या सोसायटीत माझ्या वाट्याच्या जागेत चार मीटरपलीकडची गाडी उभीच राहत नाही. सीएनजीचा सल्ला सगळ्यांनी दिला. मुंबईत तो रास्तही आहे, पण डिकीत सिलिंडर आला की नेमकी भोपळ्याची जागा जाते.

ट्रायबर ३९९० मिलिमीटर. तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट पूर्ण काढता येतात, मग मागे ६२५ लिटर जागा होते. मधली रांग ६०:४० अशी विभागलेली. तीही घडी करून पुढे उभी करता येते, आणि विक्रेता मला तेच उत्साहाने दाखवत होता, की बघा मॅडम, मागे सगळं कसं मोकळं आणि सपाट होतं. मी धाकटा तानपुरा गवसणीसकट, म्हणजे कापडी खोळीसकट, सोबत नेला होता. सपाट जागेवर उताणा ठेवला तर भोपळ्याच्या फुगवट्यामुळे दांडी जमिनीपासून जवळजवळ फूटभर वर, हवेत. मग मी मधल्या सीटची नुसती पाठ खाली पाडायला सांगितली, सीट पुढे उभी करू दिली नाही. भोपळा मागे खोलगट जागेत चुंबळीवर बसला आणि दांडी त्या पाडलेल्या पाठीवर अलगद येऊन टेकली, गळ्यापासून चांगली वीतभर पुढे. मधे गोधडीची एक घडी पुरली. सपाट मजल्याच्या मागे लागून मी दोन महिने घालवले होते. तानपुऱ्याला हवी असते पायरी.

चौदा महिन्यांत अकरा हजार किलोमीटर झाले. जोडी नेताना साठवाली बाजू पाडते, दोन भोपळे थोडे पुढे-मागे ठेवते. चाळीसच्या बाजूला एक माणूस बसतो, त्याच्या पायाशी तबल्याची पिशवी. म्हणजे माझ्यासकट तिघंच. साथीला बसणाऱ्या दोघी मुली लोकलने येतात, याला इलाज नाही. मोठ्याच्या खुंट्या पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत पोचतात, म्हणून त्या सीटवर उंच माणूस बसवत नाही; त्याने सीट मागे घेतली की संपलं. काढलेल्या दोन सीट घरी गॅलरीत असतात. मुंबईच्या घरात ती जागाही हिशेबात धरावी.

इंजिन ९९९ सीसीचं. लहान आहे हे धरूनच घेतली. मिरजेला जाताना खंबाटकी घाट चढताना गिअर खाली आणावा लागतो, आणि तानपुरे असताना मला घाई नसतेच. शहरात लिटरला तेरा, त्या वाटेवर अठरा मिळतात. खड्ड्यांच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, दुसऱ्या गिअरवर चालवते. गळा आजवर शाबूत आहे.

एसीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. गारव्यात तारा आक्रसतात, सूर चढतो. नाट्यगृहाच्या विंगेत दमट हवेत आलं की उतरतो. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा पोलादी, खरजाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, पितळी, त्यामुळे सगळ्या सारख्या हलतही नाहीत. पहिल्या महिन्यात प्रभादेवीला पोचल्यावर मी तासभर नुसती खुंट्या पिळत होते. आता मागच्या रांगेचा एसी बंद ठेवते, पोचायच्या दहा मिनिटं आधी पुढचाही बंद करून काचा उघडते, आणि उतरवल्यावर वीस मिनिटं गवसणी काढत नाही. मग जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असलेला, दोरा सरकवून जोडी पंधरा मिनिटांत लागते. उभ्या गाडीत, उन्हात तानपुरा ठेवायचा नाही, चहापुरताही नाही. बंद गाडीतल्या तापाने सांधे सुटतात.

वाद्यासाठी गाडी बघत असाल तर वाद्य घेऊनच शोरूमला जा, गवसणीसकट, आणि विक्रेत्याला हात लावू न देता स्वतः आत ठेवून बघा. पुढची सीट आपल्या चालवण्याच्या जागेवर आणून मगच मोजा. मी पहिल्यांदा सीट पूर्ण पुढे असताना मोजलं होतं आणि चार बोटांनी चुकले होते.