फाईल्स गेल्या नव्हत्या, माझ्यापासून लपवल्या होत्या

कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा (स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आला, मी न वाचता 'इन्स्टॉल' दाबलं आणि रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी ठिक्कर. पंखा फिरतोय, कीबोर्डचे दिवे लागताहेत, दिसत मात्र काहीच नाही. अनुवादाचं काम दोन दिवसांत द्यायचं होतं आणि शेवटचा बॅकअप पाच महिन्यांपूर्वीचा. मोबाईलवर हेल्पलाइन शोधली आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर फिरवला. ती जाहिरात होती. तसं बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं, पण तेव्हा कोण वाचतंय!

पलीकडचा माणूस भलताच नम्र. "मॅडम, एकही फाईल जाणार नाही." त्याने मशीन सुरू होता होता पॉवर बटण धरून दोन-तीनदा बंद करायला लावलं, तसा विंडोजचा दुरुस्तीचा निळा पडदा आला. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग 5 आकडा, म्हणजे नेटवर्कसह सेफ मोड (विंडोज कमीत कमी गोष्टींवर सुरू होतं तो). डेस्कटॉप दिसला! मला तो देवमाणूस वाटला.

आज सर्वात जास्त चीड येते ती याच क्षणाची. सेफ मोडमध्ये विंडोज नवा ग्राफिक्स ड्रायव्हर वापरतच नाही, स्वतःच्या साध्या ड्रायव्हरवर काम भागवतं. म्हणजे दोष कुठे आहे ते समोर दिसत होतं. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे जुना ड्रायव्हर परत. एवढंच उरलं होतं, आणि ते मी स्वतः करू शकले असते.

त्याऐवजी त्याने दुरून माझं मशीन चालवण्याचं, रिमोटचं अ‍ॅप उतरवायला लावलं. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. (अशा खुणा धडधाकट मशीनवरही ढीगभर असतात.) काळ्या खिडकीत एक कमांड चालवून लांबलचक क्रमांक दाखवला आणि म्हणाला, "हा तुमच्या मशीनचा आयडी, आमच्या यादीत धोक्याचा म्हणून नोंदलाय." मी घाबरले आणि कार्डाने पैसे भरले. त्यानंतर ड्रायव्हर मागे नेलाही असेल त्याने, कारण पुढच्या रीस्टार्टला मशीन नीट सुरू झालं. पण डॉक्युमेंट्स आणि फोटोंचे फोल्डर रिकामे.

"व्हायरसने खाल्ल्या, मॅडम. रिकव्हरीचे वेगळे पैसे लागतील." विचार करून सांगते म्हटल्यावर सूर बदलला: मशीन बंद केलंत तर कायमच्या जातील. मी पुन्हा कार्ड हातात घेतलं होतं. तेवढ्यात भाची खोलीत आली, तिने आधी नेटची वायर उपटली आणि मग विचारलं, "अगं मावशी, फाईल्स गेल्या तर डिस्क रिकामी दिसायला नको का?" सी ड्राइव्हची पट्टी जवळजवळ काठोकाठ भरलेली होती!

फाईल्सना 'हिडन' आणि 'सिस्टम' अशी दोन्ही लेबलं लावली होती. नुसतं 'हिडन आयटम्स'वर टिक करून त्या दिसत नाहीत, विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाईल्स दाखवण्याचा वेगळा पर्याय आहे, तो चालू करावा लागतो. भाचीने 'अ‍ॅट्रिब' कमांडने दोन्ही लेबलं काढली. अनुवाद जागेवर, फोटोही.

सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं आणि विंडोज पुसून नव्याने टाकलं. त्या माणसाने आणखी काय ठेवून दिलं होतं ते कुणाला माहीत. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, कार्ड बंद केलं, बँकेत तक्रार दिली. पैशांचा पत्ता अजून नाही.

ड्रायव्हर बिघडला म्हणून फाईल्स जात नाहीत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सेफ मोडही आला नसता, तरी लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टमच्या) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून त्या काढता येतात. फक्त डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, अडचण येण्याआधीच पाहून ठेवा. ती फोनवर कुणाला वाचून दाखवू नका.

आणि तो 'धोक्याचा' क्रमांक? भाचीने तीच कमांड तिच्या लॅपटॉपवर चालवली. शेवटच्या अंकापर्यंत तोच क्रमांक. तो प्रत्येक विंडोजवर तोच असतो.