350 एक्स सांगून साधी थंडरबर्ड गळ्यात मारली, सेकंडहँड क्रूझर घेणाऱ्यांनी वाचा

सेकंडहँड गाडीत फसवणूक म्हटलं की लोकांना चोरीची गाडी, घासलेला चेसिस नंबर, डोक्यावर लोन असलं काहीतरी आठवतं. माझ्या केसमध्ये यातलं काहीच नव्हतं. आरसी खरी, नंबर खरा, मालक खरा, लोन निल, चलन एकही नाही. फक्त जी गाडी म्हणून विकली ती गाडी ती नव्हती. क्रूझरमध्ये (म्हणजे आरामात बसून लांब चालवायच्या मोटरसायकली) हा प्रकार सध्या जोरात चाललाय आणि इंजिनचा आवाज ऐकून, वरवर पेपर बघून तो पकडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मला थंडरबर्ड 350 एक्स पाहिजे होती. 2020 ला बीएस6 हा प्रदूषणाचा नवा नियम आला तेव्हा रॉयल एनफिल्डने थंडरबर्ड बंद केली आणि तिच्या जागी मीटिऑर आणली, त्यामुळे एक्स आता सेकंडहँडच मिळते, आणि चांगली एक्स असेल तर साध्या थंडरबर्डपेक्षा बरे पैसे जास्त मोजावे लागतात. आता फरक काय ते आधी सांगतो कारण सगळा खेळ त्या फरकावरच आहे. साधी 350 म्हणजे उंच, मागे वळलेला हँडल, दोन तुकड्यांची सीट, मागच्याला टेकायला बॅकरेस्ट, क्रोमचा सायलेन्सर आणि तारांची चाकं. एक्स आली फेब्रुवारी 2018 ला, तिला सरळ हँडल, एकच सलग सीट, काळा सायलेन्सर, भडक रंगाची टाकी आणि कंपनीचे अलॉय, टायर ट्यूबलेस. बस एवढंच. इंजिन दोघींचं तेच, 346 सीसी, 19.8 बीएचपी, 28 एनएम टॉर्क, कार्ब्युरेटर, दोन प्लग. म्हणजे टेस्ट राइड मारून साधी आणि एक्स ओळखू येईल हे विसराच, चालवायला गाडी सेमच लागणार. आणि जे पार्ट वेगळे ते सगळे बाजारात सुटे मिळतात, रंग तर काय कुठलाही पेंटर मारून देतो.

पुण्यात एका डीलरकडे (नाव लिहीत नाही, मॅटर चालू आहे) अशी गाडी दिसली. जाहिरातीत लिहिलेलं, थंडरबर्ड 350 एक्स एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम), 2018, एकोणीस हजार किलोमीटर, निळी. गाडीची नोंदणी दाखवणाऱ्या ॲपवर नंबर टाकला तर नोंदणी मार्च 2018, मॉडेल थंडरबर्ड 350. एक्स दिसत नाही म्हणून विचारलं तर डीलर हसला, म्हणाला "दादा, आरटीओवाले कुठं एक्स-वाय लिहीत बसतात, फॅमिली नेम टाकतात फक्त." आणि एक्स फेब्रुवारीत आलेली, नोंदणी मार्चची, म्हणजे हिशोब जुळतोय. बघा किती सफाईने गाडी निवडली होती त्याने, 2014-15 ची असती तर कुणालाही तिथेच कळलं असतं.

मी गेलो तेव्हा गाडी आधीच गरम करून ठेवलेली. सायलेन्सरजवळ हात नेला तर चटका बसेल अशी. विचारलं तर म्हणे आत्ताच एक पार्टी चक्कर मारून गेली. आणि चालू करताना पठ्ठ्याने सेल्फला हातच लावला नाही, दणकन किक मारली, "बुलेटची मजा किकमध्येच हो साहेब." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. चालवली, आवाज मऊ, धूर नाही, गिअर व्यवस्थित. एक लाख पंधरा हजारला सौदा ठरला. आरसीची झेरॉक्स दाखवली, ओरिजिनल कार्ड जुन्या मालकाकडे आहे, ट्रान्सफरच्या वेळी मिळेल म्हणाला, गाडी नावावर करायचे मालकाच्या सहीचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म हातात दिले. झेरॉक्स अशी काढलेली की खालच्या ओळी पुसटच.

गाडी घेऊन कराडला निघालो. तेव्हा पुण्याहून येताना खंबाटकीला बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा, घाट मस्त चढली, मी खुश. घाट उतरून सुरूर फाट्याच्या अलीकडे मागचं चाक एकदम बसलं. ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, इथे फस्सकन गेली आणि गाडी डोलायला लागली, नशीब स्पीड कमी होता. पंक्चरवाल्याला म्हणालो ट्यूबलेस आहे, स्ट्रिप मारून द्या. तो खाली बसला, व्हॉल्व्हला बोट लावलं, वर बघून म्हणाला, "पाव्हणं, ह्यात ट्यूब हाय की." टायर सोडवून ट्यूब बाहेर काढून हातात दिली, तिला आधीचीच तीन ठिगळं. त्याने अलॉयच्या आतल्या कडेवर पण बोट फिरवून दाखवलं, कास्टिंग खरखरीत, रंगाचे ओघळ आलेले, कंपनीचा कसलाच शिक्का नाही. "हे बाहेरचं अलॉय हाय, तारंची चाकं काढून घातलंय कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीला सेल्फ मारला. खर्रर्र असा आवाज आला, दगड दळल्यासारखा, आणि इंजिन फिरेचना. हा थंडरबर्ड, क्लासिक, इलेक्ट्रा या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनवाल्या एनफिल्डच्या सगळ्या गाड्यांचा जुना रोग आहे, स्प्रॅग क्लच. सेल्फची मोटर ज्या वन-वे क्लचमधून इंजिन फिरवते तो. बॅटरी उतरलेली असताना लोक सेल्फ दाबत राहतात, इंजिन पूर्ण फिरत नाही, उलटा झटका मारतं आणि त्या झटक्याने आतले स्प्रॅग झिजतात नाहीतर तुटतात. मग मोटर नुसतीच फिरते, नाहीतर असा आवाज येतो. कव्हर खोलून बदलावा लागतो, मला लेबर धरून सात-आठ हजार पडले. आता कळलं ना किकची मजा कशासाठी होती ते. सेकंडहँड यूसीई बघायला गेलात तर गाडी थंड पाहिजे ही अट फोनवरच घाला, आणि सेल्फ स्वतः मारा, चार-पाच वेळा मारा, विकणाऱ्याला कितीही राग येऊ दे.

गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. पंचविशीतला पोरगा आहे पण एनफिल्ड सोडून दुसरं काही करत नाही. त्याने गाडीला हात पण लावला नाही, दारातूनच बघून हसायला लागला. म्हणाला, "भाऊ, निळी 350 एक्स कंपनीने काढलीच नाही हो." मला वाटलं मस्करी करतोय. तर झालंय असं की एक्स आली तेव्हा रंग वाटून दिलेले होते, 350 एक्सला लाल आणि पांढरा, 500 एक्सला निळा आणि केशरी. म्हणजे रंगवणाऱ्याने नेटवर 500 एक्सचा फोटो बघून 350 रंगवलेली. मग मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडून कडेला टॉर्च मारला, आत निळ्याखाली काळा रंग स्पष्ट दिसत होता. सीटखाली चेसिसच्या कोपऱ्यात निळ्या स्प्रेचे शिंतोडे.

एबीएसचं पण तसंच. पुढच्या मडगार्डवर एबीएसचा स्टिकर होता, डिस्कजवळ जी दात्यांची रिंग आणि सेन्सर असतो तो नव्हताच. एबीएस असलेल्या गाडीला चावी फिरवली की मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. माझ्यात दिवाच नाही तर विझणार काय. तसं एक्स सुरुवातीला आली तीच मुळी एबीएस शिवाय, एबीएस नंतर मिळालं, त्यामुळे मार्चच्या गाडीला एबीएस हा शब्दच संशयास्पद.

आठवड्याभराने ओरिजिनल आरसी आली आणि शेवटचा खिळा बसला. रंग, काळा. उत्पादनाचा महिना, 11/2017. जी गाडी बाजारात फेब्रुवारी 2018 ला आली ती नोव्हेंबर 2017 ला तयार होऊन डीलरकडे चार महिने पडून होती का? साधी थंडरबर्ड नोव्हेंबरला बनली, मार्चमध्ये विकली गेली, एवढं सरळ आहे. नोंदणीची तारीख आणि बनवल्याची तारीख वेगळी असते हे आपल्याकडे कुणी बघतच नाही, सगळे नोंदणीचं वर्ष बघतात. आरसीवर ती ओळ असतेच. शिवाय चेसिस नंबर सतरा अक्षरी असतो, बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्षाचं, एच म्हणजे 2017, जे म्हणजे 2018 (आय वगळतात), के म्हणजे 2019. फ्रेमवर ठोकलेला नंबर फोटो काढून घरी येऊन शांतपणे मोजा.

किलोमीटरचं सांगायचं राहिलं. मीटरमध्ये एकोणीस हजार, पण फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत, पुढची डिस्क बोटाने चाचपली तर कडेला चांगली उंच धार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवून रेकॉर्ड काढलं तर शेवटच्या सर्व्हिसला एकेचाळीस हजार. डिजिटल मीटर मागे फिरवणं हे मोबाईल रिपेअर इतकं सोपं झालंय.

आणि तो मऊ आवाज? मिस्त्रीने ऑइल सोडलं तर काकवीसारखं जाड. या इंजिनला 15डब्ल्यू50 ग्रेडचं ऑइल लागतं, कुणीतरी जाडं ऑइल आणि वर आवाज दाबायचं अॅडिटिव्ह टाकलेलं. नीट ऑइल भरल्यावर टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे पार्ट) वाजायला लागले आणि रेस दिली की निळसर धूर. यूसीईला टॅपेट हायड्रॉलिक असतात, सेटिंग करायची भानगड नसते, सकाळी दोन-चार सेकंद टिकटिक झाली तर चालतं पण गरम झाल्यावर पण वाजत राहिले तर ऑइल प्रेशर नाहीतर लिफ्टर, दोन्ही खर्चिक. निळा धूर म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय. तेव्हा टेस्ट राइडच्या आधी डिपस्टिक नाहीतर खिडकीतून ऑइल बघा, आणि इंजिनवर कव्हरच्या जॉइंटला, पुढच्या स्प्रॉकेटच्या मागे ओलसरपणा आहे का बोट लावून बघा, धुवून चकाचक पुसलेलं इंजिन असेल तर चक्कर मारून आल्यावर परत बोट लावा. हँडल हलवून कोन सेट (हँडलची बेअरिंग) बघणं, चेन बघणं हे सगळ्यांना माहीतच असतं, ते लिहीत नाही.

हे फक्त थंडरबर्डचं नाही. मिस्त्री म्हणाला त्याच्याकडे बजाजच्या ॲव्हेंजर पण अशाच येतात. 2015 ला स्ट्रीट 150 आणि स्ट्रीट 220 एकत्र आल्या, दिसायला बहिणी-बहिणी, पुढे 150 ची 180 झाली आणि 2019 ला 160. स्टिकर बदलला की झाली 220. पण 220 ला इंजिनसमोर ऑइल कूलर असतो, बाकीच्यांना नाही, तेवढं बघितलं तरी पुरे. मीटिऑरमध्ये फायरबॉल, स्टेलर आणि महागडी सुपरनोव्हा ही व्हेरियंट इंजिनने एकच, 349 सीसी, मग फायरबॉलला पुढची काच आणि बॅकरेस्ट लावून सुपरनोव्हाचा भाव सांगतात. तिथे चाकं बघा, सुपरनोव्हाच्या अलॉयला मशीनने घासलेली चमक असते. 2023 ला अरोरा आली तिला तारांची चाकं आहेत, तिच्यात ट्यूब असणारच, ते खोटं नाही.

डीलरकडे परत गेलो तर भाषाच बदललेली. "सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते, बघून घेतलीत ना, पावतीवर 'जशी आहे तशी' लिहिलंय." पावतीवर खरंच लिहिलेलं. पोलिसांनी अर्ज घेतला पण म्हणाले हे दिवाणी आहे. वकील म्हणाले, 'जशी आहे तशी' याचा अर्थ झिजलेली गाडी तशीच घेतली एवढाच, मॉडेल खोटं सांगायचं लायसन नाही मिळत त्यातून. माझ्याकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता आणि व्हॉट्सॲपवर डीलरने स्वतः लिहिलेलं, नुसतं "350X ABS" नाही तर "350 एक्स एबीएस ओरिजिनल आहे दादा" असं अख्खं वाक्य होतं, त्याच्यावर सगळी केस उभी आहे. फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेसेज टाकून मॉडेल, वर्ष, किलोमीटर लिहून घेत जा, खरा माणूस लिहून देतो.

आधी 1915 या नंबरवर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, मग जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे मारायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. मुदत दोन वर्षं. नोटीस गेल्यावर डीलरचा फोन आला, आवाज एकदम साखर, पंचवीस हजार देतो विषय संपवा म्हणे. लेखी द्या म्हणालो तर तेव्हापासून फोन बंद.

वकिलांनी सांगितलंय की टाकी रंगवू नका, अलॉय काढू नका, खोललेला स्प्रॅग क्लच पिशवीत जपून ठेवा, गाडीच पुरावा आहे. त्यामुळे ती मिस्त्रीच्या शेडमध्ये कव्हर घालून उभी आहे आणि मी तारखेपर्यंत वडिलांच्या स्प्लेंडरवर फिरतोय.