जिनिंगच्या कार्यालयात प्रॉक्समॉक्सवर कुबरनेटिस: एका हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिनिंगमध्ये काट्याच्या पावत्या, गाठींचा साठा आणि शेतकऱ्यांचे चुकारे ही तिन्ही कामे कंटेनरमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या डब्यांत, चालतात. गेल्या कापूस हंगामात त्यांचा सांभाळ करणारे कुबरनेटिस आम्ही ‘प्रॉक्समॉक्स व्हीई’ या प्रणालीवरील आभासी यंत्रांत, म्हणजे एका सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांत, बसवले.

डेबियन या लिनक्सवर आधारलेली ही मुक्तस्रोत प्रणाली 2008 पासून उपलब्ध असून वर्गणी न भरताही तिच्या सर्व सुविधा वापरता येतात, ही गोष्ट आमच्यासारख्यांना मोठा आधार देणारी आहे. केव्हीएमची पूर्ण आभासी यंत्रे आणि एलएक्ससीचे हलके कंटेनर ती ब्राउझरमधूनच सांभाळते. कुबरनेटिस मात्र पूर्ण आभासी यंत्रातच ठेवावे. एलएक्ससीत मेमरी वाचते, पण कर्नल (प्रणालीचा गाभा) मूळ यंत्राचाच असल्यामुळे सुरक्षेची बंधने सैल करावी लागतात.

चूक झाली ती माझ्या मांडणीत. तीन नियंत्रण नोड, म्हणजे कुबरनेटिसचा कारभार पाहणारी यंत्रे, मी एकाच सर्व्हरवर, एकाच जुन्या हार्ड डिस्कवर उभे केले. कुबरनेटिसची सगळी स्थिती ईटीसीडी या त्याच्या नोंदसाठ्यात असते आणि प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. त्यामुळे पहाटे बॅकअप सुरू झाला की नोंदी रेंगाळत, प्रमुख नोडची निवड पुन्हा पुन्हा होई, आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या असताना काट्याची पावतीच निघेना. रात्रभर थंडीत थांबलेल्या शेतकऱ्याला त्याचे कारण सांगणे फार जड गेले.

वेगवान एसएसडी डिस्क बसवल्यावर ही अडचण संपली. तरीही तीनपैकी एक नोड गेला तरी काम चालते हा हिशेब तिन्ही नोड वेगवेगळ्या सर्व्हरवर असतील तरच खरा ठरतो. म्हणून आता आम्ही के-थ्री-एस या कुबरनेटिसच्या हलक्या आवृत्तीचा एकच नोड ठेवला आहे. त्याची नोंदवही मुळातच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये असते, आणि आमच्या कामाला ती पुरते.

अद्ययावत करण्यापूर्वी घेतलेल्या स्नॅपशॉटवर (यंत्राच्या त्या क्षणीच्या जतन केलेल्या स्थितीवर) काही मिनिटांत परतता येते, ही प्रॉक्समॉक्सची मला सर्वाधिक पटलेली सोय. वीज परत आल्यावर यंत्रे कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने सुरू व्हावीत हेही त्यात ठरवता येते. आमच्याकडे आधी डेटाबेस उठतो, मग के-थ्री-एस, आणि काटेवाल्याला कुणाला फोन करावा लागत नाही.