थकलेल्या माणसाला रेग्युलर दाखवायचं कुठं: मिरज, गावातला डॉक्टर की उपकेंद्र?

आमच्या विटा-खानापूर भागात कितीतरी घरातली पोरं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यापायी बाहेर, कोण कोइमतूरला तर कोण केरळात, आणि मागं घर सांभाळायला म्हातारी माणसं. मग दर दोन दिवसाला कुणाचा तरी फोन, आमच्या आईला दाखवू कुठं? मी आबांना (वय 81) तीन वर्षांत तिन्हीकडं फिरवलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक बघा. वय झालेलं माणूस वेगळं आणि थकलेलं वेगळं. 80 चा गडी रोज मळ्यात जाऊन येत असंल तर त्याला कुठंही न्या, काय फरक पडत नाही. पण काही न करता वजन उतरतंय, पकड गेलीय, चाल मंदावलीय, आंघोळ केली तरी दम लागून आडवं व्हावं लागतंय, यातलं तीनएक गोष्टी दिसल्या की समजायचं अंगात राखीव काही उरलं नाही, साध्या जुलाबानं पण माणूस महिनाभर अंथरूण धरतं. घरी तपासायचं असंल तर खुर्चीतून उठवा, तीन मीटर चालवा, परत आणून बसवा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका. आबांना 19 लागले.

मिरजेचं काय सांगायचं, आजारी पडलं की मिरज ही आपल्याकडची शंभर वर्षांची सवय आहे. खुब्याचं हाड मोडलं, लकवा मारला, छातीत दुखलं, तर दुसरा विचारच करू नका. पण रेग्युलर बीपी-शुगरसाठी? 75 च्या पुढं एसटीचं तिकीट माफ आहे हो, पण ती पायरी तर चढायला पाहिजे ना, मग गाडी करा, पहाटे उठवा, उपाशीपोटी न्या, बाकड्यावर चार तास बसवा आणि आत गेल्यावर पाच मिनिटं. त्यात हाडाचा वेगळा, हार्टचा वेगळा, शुगरचा वेगळा, प्रत्येकाची आपली फाईल, दुसऱ्यानं काय लिहिलंय ते कोण बघत नाही. आणि ते 70 वर्षांवरच्यांचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड, ते ॲडमिट झाल्यावर चालतं, ओपीडीची फी आणि महिन्याच्या गोळ्या खिशातूनच. यावर लय जण फसतात.

गावातला डॉक्टर म्हणजे हक्काचा माणूस. रात्री अकराला फोन केला तर चप्पल घालून येतो, आबांचं कुणाशी वाजलं की बीपी चढतं हे पण त्याला ठाऊक. पण पुडीत गोळ्या देतो, नाव नाही गाव नाही. आणि सुई. आबांना सुईशिवाय बरंच वाटत नाही, मग तो तरी काय करणार. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने चालल्या, बीपीच्या गोळ्यांबरोबर त्या किडनीला जड जातात हे आम्हाला कुणी बोललंच नाही.

उपकेंद्राला मी खरं सांगायचं तर हिशेबातच धरलं नव्हतं, लसीचं ठिकाण एवढंच डोक्यात. आता तिथं आयुष्मान आरोग्य मंदिराचा बोर्ड आहे आणि सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बसतात. आमच्या इथल्या ताईंनी जे केलं ते मिरजेत कुणी केलं नव्हतं. आबांना आधी आडवं करून बीपी घेतलं, 138. मग उभं करून परत घेतलं, 112. वरचा आकडा 20 नं उतरला तरी धोका धरतात, इथं 26. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या जी चक्कर यायची ती वयाची नव्हती. म्हणाल्या घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, सगळ्या म्हणजे सगळ्या. ताटात ओतल्या तर अकरा प्रकार. हार्टवाल्यानं दिलेल्या, एकात दोन औषधं असलेल्या गोळीत ॲम्लोडिपिन (बीपीचं औषध) होतंच आणि पुडीतली गोळी कसली म्हणून डॉक्टरला फोन लावला तर ती पण तीच, वरून झोपेची. ताईंनी स्वतः काही बंद केलं नाही, ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर सेवा) एमबीबीएस डॉक्टरला दाखवून त्यांनी कमी केल्या. खर्च शून्य, ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरला पण पैसे नाहीत.

तरी उपकेंद्र म्हणजे सगळं आलबेल असं नाही. कधी शुगरची गोळी संपलेली, कधी ताई मीटिंगला. आशाताई घरी येतात पण त्यांच्या मागं बाळंतिणी आणि लेकरांचंच काम इतकं की म्हाताऱ्यांचा नंबर शेवटी. रात्रीचं तर विचारूच नका, तेव्हा 108 नाहीतर गावातला डॉक्टर.

तर माझं मत. माणूस चालतं-फिरतं आणि घरात कोण तरुण असंल तर महिन्याचं उपकेंद्रात ठेवा, मिरज वर्षातून एकदा. अंथरुणाला खिळलेलं असंल तर घरी येणारा डॉक्टर पहिला, फक्त त्याला म्हणावं गोळीचं नाव कागदावर लिहा. दोघंच म्हातारी आणि पोरगं परमुलखात असंल तर लांबून तीन डॉक्टर धरू नका, एकच धरा जो सगळ्या गोळ्या बघंल, आणि शेजारच्या कुणाला तरी त्याचा नंबर देऊन ठेवा.

आबांच्या आता सहा गोळ्या आहेत. वही खुंटीला टांगलीय, जो तपासंल त्यानं त्यातच लिहायचं. परवा चाल परत मोजली, 15 सेकंद. सुई मात्र अजून मागतातच.