बडोद्यात मुलांना निसर्गशिक्षणासाठी कुठे न्यावे: कमाटीबाग, वढवाणा आणि जांबुघोडा यांची तुलना

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागले, की बडोद्यातील ओळखीचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात. मुलाला शहरातील, म्हणजे कमाटीबाग आणि विश्वामित्री नदीच्या परिसरातील, रविवारच्या निसर्गफेरीत घालावे, हिवाळ्यात वढवाण्याच्या पाणथळीवर पक्षी पाहायला न्यावे, की सरळ जांबुघोड्याच्या जंगलातील निवासी शिबिरात दोन रात्रींसाठी पाठवावे? तिन्ही पर्याय चांगले आहेत, हे उत्तर खरे असले तरी निर्णय घेणाऱ्याच्या उपयोगाचे नाही, कारण वेळ, पैसा आणि मुलाचा उत्साह या तीनही गोष्टी मोजक्याच असतात. गेली अनेक वर्षे शाळकरी मुलांबरोबर या तिन्ही ठिकाणी जात आल्यामुळे माझे मत बऱ्यापैकी पक्के झाले आहे आणि ते कारणांसह येथे मांडते.

माझी पहिली कसोटी अशी आहे: उपक्रम मुलाला त्याच जागी पुन्हा पुन्हा नेतो का, आणि शिकवणाऱ्यांचा त्या जागेच्या देखभालीशी काही संबंध आहे का? ही कसोटी मला लोकांच्या वतीने जमीन राखणाऱ्या विश्वस्त संस्थांच्या कामावरून सुचली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये अशा संस्था उभ्या राहिल्या. अशी संस्था ज्या तळ्याची किंवा माळाची राखण करते त्याच ठिकाणी परिसरातील मुलांना शिकवते, तेव्हा शिकवणारा आणि राखणदार एकच असतो. आपल्याकडे ही विभागणी वेगळी आहे. कमाटीबाग महानगरपालिकेची, वढवाणा मुळात सिंचनाचा तलाव, जांबुघोडा वनखात्याच्या ताब्यातील अभयारण्य, आणि प्रत्यक्ष शिकवणारे बहुधा शाळांतील शिक्षक, निसर्गमंडळे किंवा हौशी निरीक्षक. त्यामुळे शिकणे आणि राखणे यांचा धागा आपोआप जुळत नाही, तो जुळला आहे का हे पालकांनाच विचारून घ्यावे लागते.

शहरातील फेऱ्यांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ज्या बागेत आपण लहानपणापासून भेळ खाल्ली आणि छोट्या आगगाडीत बसलो, तिथे शिकण्यासारखे काय असणार, असे बडोदेकराला वाटते. १८७९ मध्ये सयाजीरावांच्या काळात विश्वामित्रीच्या काठी उभारलेल्या या बागेत जुने वृक्ष आहेत, शेजारून नदी वाहते, आवारातच १८९४ पासूनचे संग्रहालय आहे, आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे उद्यानही शहरातच आहे. ज्या शहराच्या नावातच वड आहे, त्या शहरातील मुलाने एक वड वर्षभर पाहावा, याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही. वडाला फुले येत नाहीत असे समजणाऱ्या मुलाला फळ उघडून आतली बारीक फुले आणि त्यांत वाढणारी चिमुकली गांधीलमाशी भिंगातून दाखवली, की पुढच्या महिन्यात ते स्वतःहून त्या झाडाकडे धावते. फळे पिकली की हरियाल येतात, वाळक्या फांदीत तांबट घरटे कोरतो, आणि हे सारे महिन्याच्या अंतराने, त्याच ठिकाणी, त्याच मुलाला दिसते. पाऊस आला तर संग्रहालयातील निळ्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर अर्धा तास सहज जातो.

शहरातील फेरीचा खरा विषय मात्र विश्वामित्री आणि तिच्यातील मगरी हा आहे, आणि तो बडोद्याखेरीज फारच थोड्या शहरांतील मुलांना मिळतो. पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधोमध वाहते आणि भरवस्तीत मगरी बाळगते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी वस्तीत शिरले तेव्हा मगरीही वस्तीत आल्या आणि त्यानंतर अनेक घरांतील मुलांच्या मनात नदीबद्दल फक्त भीती उरली. ती भीती नुसती समजूत घालून जात नाही, मगरीचे वागणे समजले म्हणजे तिची जागा सावधगिरी घेते. मगर थंड रक्ताची असल्यामुळे हिवाळ्यात ऊन चढल्यावर ती काठावर येऊन पडते, म्हणून पक्ष्यांसाठी पहाटे सहा आणि मगरीसाठी सकाळचे दहा ही वेळ योग्य, हे मुलाला एकदा कळले की ते कायमचे लक्षात राहते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या आधी पिल्ले बाहेर येतात, आणि पिल्लांचा आवाज ऐकून तीच मादी घरटे उकरते व त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. काठाची माती खणली, बांधकामाचा राडारोडा टाकला किंवा काठ काँक्रीटने बांधून काढला तर नेमके काय बिघडते, हे यानंतर मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. हे निरीक्षण फक्त पुलावरूनच करावे. मुलांना काठाशी उतरवणाऱ्या आयोजकाकडे, तो कितीही जाणकार असला तरी, पुन्हा जाऊ नये.

देखभालीच्या कसोटीवरही शहरातील फेरी पुढे आहे. आपली मराठी घरे तिळगूळही वाटतात आणि उत्तरायणाला गच्चीवर पतंगही उडवतात. त्यानंतरच्या आठवड्यात झाडांवर लोंबकळणारा मांजा पक्ष्यांच्या पंखांत अडकतो. जानेवारीत जखमी पक्ष्यांसाठी सरकारी करुणा अभियान चालते. रविवारच्या गटाने तेवढ्याच काळात एक सकाळ हाताला येणारा मांजा गोळा करण्यात घालवली, तर पाच भाषणांचे काम होते.

या फेऱ्यांचे दोषही स्पष्ट सांगायला हवेत. गर्दी असते, गोंगाट असतो, नदीला सांडपाण्याचा वास येतो, आणि पाळण्यांकडे लक्ष गेलेले सहा वर्षांचे मूल परत आणणे कठीण असते. गटाचा आकार हा सर्वांत मोठा दोष. शहरातील एका फेरीत चाळीस मुलांमागे एकच मार्गदर्शक होता आणि मागच्या तीस मुलांनी दोन तासांत फक्त पुढच्यांच्या पाठी पाहिल्या, हे मी स्वतः अनुभवले आहे. बारा ते पंधरा मुलांमागे एक मार्गदर्शक नसेल तर नाव नोंदवू नये.

वढवाणा शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर, डभोई तालुक्यात आहे. सिंचनासाठी बडोदे संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या तलावात ओरसंग नदीवरील जोजवा बंधाऱ्यातून पाणी येते, आणि २०२१ मध्ये त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे पक्षी येथे उतरतात. हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, कलहंस, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, आणि पश्चिम भारतात एरवी सहसा न दिसणारी मोठी लालसरी. हजारो पक्ष्यांचा थवा एकाच वेळी उठतो तेव्हाचा आवाज मुलाने एकदा तरी ऐकावा असाच असतो. त्या एका क्षणाच्या बाबतीत कमाटीबाग वढवाण्याशी बरोबरी करू शकत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

आपल्या मुलांच्या दृष्टीने वढवाण्याचा आणखी एक आनंद आहे, तो भाषेचा. येथील मार्गदर्शक बहुधा गुजरातीत बोलतात, पुस्तकांत इंग्रजी नावे असतात आणि घरी आपण मराठी बोलतो. पाण्यावर शेकड्यांनी तरंगणाऱ्या, काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या कपाळाच्या पक्ष्याला गुजरातीत भगतडुं म्हणतात आणि मराठीत वारकरी. दोन्ही भाषांतील लोकांना त्या कपाळात भक्तच दिसला, ही गोष्ट मुलांना इतकी आवडते की तो पक्षी ती पुन्हा कधी चुकत नाहीत. पट्टकादंबाला गुजरातीत राजहंस म्हणतात, हेही आधी सांगून ठेवावे, नाहीतर घरी आजीच्या गोष्टीतल्या राजहंसाशी गोंधळ होतो. निरीक्षणाच्या वहीत प्रत्येक पक्ष्यापुढे दोन्ही नावे लिहून घेणारा गट मिळाला तर तो सोडू नये.

मात्र वढवाणा हा दुर्बिणीवाचून व्यर्थ जाणारा प्रवास आहे. पक्षी दूर, पाण्याच्या मध्यावर असतात, आणि दोन मुलांमागे एक दुर्बीण नसेल तर मुलाला काळे ठिपके दिसतात व ते दगड मारायला लागते. पहाटे साडेपाचला निघावे लागते, परतीच्या वेळी ऊन झालेले असते, आणि स्वच्छतागृहाची सोय काय आहे हे मुलींच्या पालकांनी आधीच विचारून घ्यावे. यापेक्षाही मोठी उणीव अशी, की बहुतेक गट डिसेंबर किंवा जानेवारीत एकदाच जातात. ज्या मुलाने तलाव फक्त भरलेला आणि पक्ष्यांनी गजबजलेला पाहिला, त्याला पाणथळ समजलेली नसते. तोच तलाव मे महिन्यात, पाणी आटून चिखल उघडा पडलेला असताना दाखवला, त्या पाण्यावर आसपासच्या गावांतील शेती कशी चालते हे तेथील शेतकऱ्याकडून ऐकवले, आणि पाणी शेताला किती व पक्ष्यांना किती असा प्रश्न मुलांपुढे ठेवला, तर ते शिक्षण होते. दुसऱ्या फेरीला फारसे कोणी येत नाही, म्हणून आयोजक ती ठेवत नाहीत. ती ठेवणारा गट मी डोळे झाकून निवडेन.

जांबुघोड्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याची भूल आधीच सर्वांना आहे. सुमारे सत्तर किलोमीटरवरील, १९९० मध्ये घोषित झालेले आणि साधारण १३० चौरस किलोमीटर पसरलेले हे अभयारण्य साग, बांबू, मोह आणि पळसाचे आहे. तेथे बिबट्या आहे, अस्वल आहे. दोन रात्रींच्या शिबिरात मुलाला खरा अंधार, मोबाइलशिवायची संध्याकाळ आणि मातीतील पावलांचे ठसे मिळतात, आणि या गोष्टी शहरात कोणत्याही किमतीला मिळत नाहीत. मोहाची फुले गळू लागली की अस्वल त्यांच्या वासाने येते, हे तेथील राठवा या आदिवासी समाजातील वाटाड्या ज्या सहजतेने सांगतो त्या सहजतेने आम्ही शहरातील शिक्षक सांगू शकत नाही. स्थानिक माणूस मार्गदर्शक म्हणून नसलेले शिबिर मी पाठवण्याजोगे मानत नाही. वन्यप्राणी दिसण्याची हमी देणारे शिबिरही टाळावे, कारण न दिसलेल्या बिबट्याच्या निराशेत मुलाने पाहिलेले बाकी सारे वाहून जाते. प्रथमोपचार येणारी व्यक्ती रात्रभर कोण असेल, साप चावला तर कोणत्या रुग्णालयात नेणार आणि तेथे प्रतिविष आहे याची खात्री कोणी केली आहे, मुलींच्या गटाबरोबर महिला कार्यकर्ती आहे का, हे तीन प्रश्न विचारताना संकोच करू नये. माझ्या कसोटीवर हे शिबिर मागे पडते, कारण बहुतेक मुलांसाठी ते आयुष्यात एकदाच घडते. निरीक्षणाची सवय नसलेले मूल जंगलात सहलीला आल्यासारखे वागते आणि सवय असलेले मूल त्याच दोन रात्रींत वही भरून आणते.

खर्चाचा क्रमही असाच आहे. शहरातील फेरी जवळपास विनाखर्च, वढवाण्याला बसभाडे वाटून घ्यावे लागते, आणि निवासी शिबिर सर्वांत महाग. एका शिबिराच्या पैशांत वर्षभराच्या फेऱ्या, वढवाण्याच्या दोन खेपा आणि एक बरी दुर्बीण होत असेल तर निर्णय अवघड राहत नाही. वयाचा विचार केला तर सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी फक्त शहर, त्यापुढे वढवाणा, आणि बारा वर्षांनंतर जंगल, असे मी सांगते. आजी-आजोबांना बरोबर घेण्याची सोय पहिल्या दोन ठिकाणी आहे. तिचा लाभ जरूर घ्यावा, कारण विश्वामित्रीचे पाणी एकेकाळी कसे होते हे त्यांच्याकडूनच कळते.

ज्या घरात दोन्ही पालक नोकरी करतात आणि दर महिन्याचा रविवार काढणे खरोखरच शक्य नाही, त्यांच्यासाठी माझा सल्ला बदलतो. त्यांनी वढवाणा निवडावा, जानेवारीत एकदा आणि मे महिन्याच्या अखेरीस एकदा, आणि दोन्ही वेळी बांधावरील त्याच ठिकाणी उभे राहून मुलाला त्याच वहीत समोर दिसणारे पाणी काढायला सांगावे.