पेशीचा इन्फ्रारेड नकाशा: सिंक्रोट्रॉन की ग्लोबार?

जिवंत पेशीत कोणते रेणू कुठे आहेत हे इन्फ्रारेड प्रकाशाच्या शोषणावरून पाहायचं, तर सिंक्रोट्रॉनकडे (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर प्रकाश मिळवणाऱ्या मोठ्या केंद्राकडे) अर्ज करावा का, असं एका संशोधक मैत्रिणीने विचारलं.

खरा फरक तेजस्वितेचा. सिंक्रोट्रॉनचा किरण प्रयोगशाळेतल्या ग्लोबारपेक्षा (तापवलेल्या कांडीच्या नेहमीच्या इन्फ्रारेड स्रोतापेक्षा) 100 ते 1000 पट तेजस्वी असतो. त्यामुळे नमुन्याचा छोटा भाग निवडणारं सूक्ष्मदर्शकाचं छिद्र 10 मायक्रॉनपेक्षा लहान केलं तरी सिग्नल टिकतो आणि एकाच पेशीतल्या प्रथिनांचा, मेदाचा माग काढता येतो. ग्लोबारचा सिग्नल तिथे गोंगाटात बुडतो. विवर्तनाची मर्यादा (तरंगलांबीपेक्षा फार बारीक तपशील वेगळा दिसत नाही) मात्र दोघांनाही चुकत नाही. पाणीही दोघांना छळतं: त्याचं शोषण नेमकं अमाइड-1 वर, म्हणजे प्रथिनं ओळखण्याच्या मुख्य शोषण-पट्ट्यावर येतं, म्हणून पाण्याचा थर 10 मायक्रॉनच्या आसपासच हवा.

ग्लोबार रोज हाताशी. सिंक्रोट्रॉनला प्रस्ताव, प्रतीक्षा, यंत्र वापरायला मोजक्या पाळ्या.

ऊतींचे काप, पॉलिमरचे थर असतील तर ग्लोबार पुरे. एकटी जिवंत पेशी किंवा सूक्ष्म कण असेल तर सिंक्रोट्रॉनच. पण नमुना आधी ग्लोबारवर पारखूनच न्यावा.